अक्षय तृतीयेचा बांबू

माघ वद्य, बहुधा सप्तमी

आज दिवसभरात मराठीचा एक शब्द तोंडातून गेला नाही. संध्याकाळी पाणी पिताना ठसका लागला तेव्हा "अगं आई" म्हणालो, तेवढाच. म्हणून ही वही काढली. बोलायला कुणी नसलं की जीभ आंबते.

कामावर सगळे बुंदेली बोलतात. मला कळतं, पण कुणी थट्टा केली की मी सगळ्यांचं हसून झाल्यावर हसतो.

माझं काम परांची बांधण्याचं. झाशीच्या नव्या स्टेशनाच्या भिंती वर चालल्यात. गवंडी चढायचे तर आधी आम्ही बांबू बांधून द्यायचे. वाईहून निघालो, मनमाड, भुसावळ, मध्येच एका टोळीबरोबर बंगालात गेलो. तिथे देवळाच्या शिखराएवढी परांची बांधणारे मिस्त्री पाहिले, त्यांच्याकडे गाठ मारायला शिकलो, शिकून होईतो कंटाळलो. जिथे रूळ पोचायचे असतात तिथे मला काम मिळतं. रूळ पोचले की मी पुढे. एका जागी दुसरा पावसाळा मी अजून पाहिलेला नाही.

सदर बाजारात एक गोरा शिपाई भात्याची पेटी वाजवत होता. ऐकत उभा राहिलो आणि ज्या कामाला गेलो होतो ते विसरलो. दोरी आणायची होती.

फाल्गुन, मंगळवार

दतिया गेटजवळून जात होतो. एका देवळाच्या ओवरीतून "बे एके बे, बे दुणे चार" असं ऐकू आलं. मी थांबलो. मागच्या बैलगाडीवाल्यानं शिव्या दिल्या तरी हललो नाही.

ओवरीत पोरं बसलेली आणि त्यांच्यापुढे एक लठ्ठ गृहस्थ घाम पुसत होते.

"कौन चाहिए, भैया?"

"मराठीत बोललात तरी चालेल," मी म्हणालो.

ते उठायला गेले आणि उठता उठता धापा टाकत पुन्हा बसले. "अरे! कुठले आपण?"

"वाईचा."

"वाई! आमचे पणजोबा तिकडचेच. इथे देवाची पूजाअर्चा सांभाळायला आले ते राहिले. मी काही पाहिली नाही हो वाई. कृष्णेला पाणी किती असतं?"

नाव गोपाळराव. पोरांना मराठी शिकवतात. इथे जुनी मराठी घरं आहेत. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी. एक पोरगा उठून म्हणाला, "मास्तर, मला प्यास लागली."

"तहान, गाढवा, तहान!"

"हाँ, तहान लागली. पानी पिऊ?"

मी सगळ्यांच्या आधी हसलो. पुष्कळ दिवसांनी.

जेवायला घरी नेलं. त्यांच्या मंडळी, रुक्मिणीवहिनी, यांनी पानात पोळी वाढताना विचारलं, "पाहुणे, और घ्या ना?" मग स्वतःच जीभ चावली आणि म्हणाल्या, "आणखी."

फाल्गुन वद्य

(इथले लोक याला चैत म्हणतात. त्यांचा महिना पौर्णिमेला बदलतो, आपला अमावास्येला. एकाच गावात दोन महिने चालतात, त्यामुळे माझी तिथी चुकली तरी कुणाच्या तरी हिशेबानं बरोबर येते.)

गोपाळरावांकडे रोज जातो. ओवरी देवळाच्या मालकाला आषाढापासून हवी आहे. रेल्वेच्या गोदामावर गोपाळरावांना कारकुनीची जागा देऊ केलीय. पावसाळ्याआधी छप्पर मिळालं तर शाळा, नाहीतर गोदाम.

"आणि पोरं?" मी विचारलं.

"पोरं काय, सरकारी मदरशात जातील. शिकतील. पण मराठी..." आणि त्यांनी हातानं काहीतरी उडून गेल्यासारखं केलं.

जागा आहे. त्यांच्या शेजारी आबासाहेब म्हणून वृद्ध गृहस्थ राहतात. घराणं भालाईत स्वारांचं. त्यांच्या मागच्या पागेच्या चार भिंती दगडी, भक्कम. छप्पर सत्तावन्नच्या गदरात जळालं. पण पागा रुंद आहे, आणि एवढ्या लांबीची तुळई गावात नाही. जो साग, जो साल येतो तो रुळांखाली जातो.

"बांबूचं करू," मी बोलून गेलो. बोलल्यावर वाटलं, मी कशाला यात पडतोय? पण वहिनी चुलीपाशी होत्या त्यांनी मान वळवून पाहिलं, आणि मग माघार घेणं जमलं नाही.

चैत्र, पाडव्यानंतर

गोपाळरावांना बांबू पटेना. "दोन बांबू माणसाला एकदाच लागतात, मधुसूदनराव. आयुष्याच्या शेवटी. ते पोरांच्या डोक्यावर?"

मी स्टेशनावरून एक बांबू खांद्यावर घेऊन आलो, दोन दगडांवर आडवा ठेवला आणि म्हटलं, "बसा यावर."

"मी?"

"तुमच्याहून चांगलं वजन कुठून आणू?"

वहिनी पदर तोंडावर धरून आत गेल्या. गोपाळराव बसले. बांबू वाकला. मग मी बसलो, मग येणारे जाणारे बसले, एक भाजीवाला टोपलीसकट बसला. बांबू कमानीसारखा खाली गेला, आणि सगळे उठल्यावर सरळ झाला. कुरकुरला नाही. "लाकूड तुटतं तेव्हा एकदम तुटतं," मी सांगितलं. "हा आधी वाकून सांगतो. शिवाय तोडला की बेट मरत नाही, पावसाळ्यात नवे कोंब. साग तोडलात तर तुमचा नातू वाट पाहील." हे मला बंगालातल्या मिस्त्रीनं सांगितलं होतं, मी माझंच असल्यासारखं सांगितलं.

तेवढ्यात मागून खडखडीत आवाज आला, "भाला काय लोखंडाचा असतो काय रे गोपाळ?"

हेच आबासाहेब. काठी टेकत आलेले, ताठ, कानानं बहिरे, म्हणून सगळ्यांशी ओरडून बोलतात. "पातं लोखंडाचं. मारतो तो बांबू. नर बांबू, भरीव. अंगावर घोडा आला तरी मोडत नाही." माझ्याकडे पाहिलं. "हा कोण दखनी?"

"आपणही दखनीच की," गोपाळराव त्यांच्या कानात ओरडले.

"आम्ही इथले दखनी. हा ताजा."

पागा द्यायला कबूल झाले. म्हणाले, "घोडे गेले, आता गाढवं बांधा."

वैशाख शुद्ध, तृतीयेच्या आधी

बांबू कधी तोडायचा यावर पंचांग उघडलं गेलं. गोपाळरावांनी अक्षय तृतीया धरली. साडेतीन मुहूर्तांतला अख्खा एक. "या दिवशी जे आरंभावं त्याला क्षय नाही," म्हणाले. चेहरा लहान पोरासारखा झाला होता. मला बरं वाटलं. घाईही होतीच, आषाढ काही लांब नाही.

आबासाहेब अंगणात बसले होते. त्यांनी ओरडून विचारलं, "तोडताय कधी? कुठल्या पक्षात?"

मी त्यांच्या कानात सांगितलं.

"उन्हाळ्यात? चांदण्यात?" ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तळ्यात किती दिवस?"

"कशाला तळ्यात? वाळवायचा तर आहे!"

त्यांनी डोळे मिटले. म्हाताऱ्या माणसांचं असं होतं, एका गोष्टीतून दुसरीत जातात. चंद्र, तळं. मी निघून आलो.

अक्षय तृतीया

बेतवेच्या बाजूला बैलगाडीनं गेलो. नदीकाठच्या उतारावर बांबूची बेटं आहेत. तोडणारे बुरूड (इकडे बसोर म्हणतात) तिघे होते. त्यांच्यातला हल्के नावाचा माणूस कुऱ्हाड हातात घेऊन उभाच राहिला.

"पंडितजी, आजई?"

"आजच. आज मुहूर्त आहे."

"अच्छा. पंडितजी कह रए, तो काटे देत."

गोपाळरावांनी पहिल्या बांबूला कुंकू लावलं, गूळ ठेवला. हिरवेगार, रसरशीत बांबू. तोडल्यावर बुंध्यातून पाणी यायचं, मी बोट लावून चाखलं, गोडसर लागलं. परत येताना एका माकडिणीनं गुळाचा खडा पळवला आणि गोपाळराव तिच्यामागे धावले. तसला धावण्याचा प्रकार मी आयुष्यात पाहिला नाही.

गाडीत आडवा पडून आलो. खाली बांबू, वर आभाळ. कुणीतरी एक गोष्ट माझ्यावर सोपवली आहे, हे नवीन वाटत होतं.

ज्येष्ठ

पुष्कळ दिवस लिहिलं नाही. छप्पर पेलणाऱ्या कैच्या बांधत होतो. तीन तीन बांबूंची एक जुडी, तागाची दोरी भिजवून आवळायची म्हणजे वाळल्यावर आणखी आवळते. स्टेशनावरचा मुकादम विचारतो, "दखनी, किते रात तुम?" कुठे असतोस म्हणून. मी सांगत नाही.

वहिनी पागेत ताक पाठवतात. आज स्वतः घेऊन आल्या आणि वर बघत म्हणाल्या, "भावोजी, पडणार नाही ना?"

"छप्पर?"

"तुम्ही."

भावोजी म्हणाल्या. इकडची पद्धत असेल.

ज्येष्ठ, शेवटचा आठवडा

कौलं चढली. इथली कौलं हातानं थापलेली, जाड. मी कैचीला लोंबकळून दाखवलं, पोरांनी टाळ्या पिटल्या, मग सगळी पोरं लोंबकळली. गोपाळरावांनी गोदामवाल्यांना कळवलंय की दसऱ्यापर्यंत विचार करून सांगतो. म्हणाले, "एक पावसाळा निघू दे." मला ते आवडलं नाही. छप्पर उभं आहे, आता विचार कसला?

मी मुक्काम पागेतच हलवला. स्टेशनावरच्या झोपडीपेक्षा बरा. दुपारी पोरं गेली की कोपऱ्यात पडून राहतो. नव्या बांबूचा वास येतो. कुणी नसतं.

आषाढ शुद्ध

एक गंमत. दुपारी सगळं शांत झालं की छपरातून आवाज येतो. कर्र... कर्र... अगदी बारीक, कुणीतरी दातांनी सुपारी कुरतडावी तसा. थांबतो, पुन्हा सुरू. पहिल्यांदा वाटलं उंदीर. उंदीर नाही. बांबू जागेवर बसतायत, अंग मोडतायत. घर नवीन असलं की बोलतं म्हणतात.

मला सोबत झालीय. मी पण काहीतरी बोलतो. आज वाईच्या घाटाबद्दल सांगितलं. कर्र कर्र म्हणाला.

आषाढ

वहिनी पाठशाळा झाडायला येतात. आज हात पुढे करून विचारलं, "भावोजी, हे पीठ कुठून येतं? रोज झाडते, रोज पुन्हा."

पिवळसर, मऊ, पिठासारखीच भुकटी. मी म्हटलं, "रेल्वेवाले खडी फोडतात ना, त्याची धूळ."

"पावसात धूळ उडते?"

"इंजिनाची असेल."

त्यांनी बोटावर घेतलेली भुकटी हुंगली, आणि पदराला पुसून निघून गेल्या.

पोरांनी त्या भुकटीचा उपयोग शोधलाय. पाटी तिरपी धरून ठेवतात, साठली की बोटानं त्यात अक्षर काढतात. ज्याला "तहान" येत नव्हतं त्यानं आज पूर्ण "तहान" लिहिलं. गोपाळराव मला दाखवायला पाटी घेऊन धावत आले, फुंकर लागून अक्षर उडून जाईल म्हणून श्वास रोखून.

आबासाहेब रोज पागेच्या दारात उभे राहतात, वर बघतात. ऐकू त्यांना येत नाहीच. आज म्हणाले, "दखनी, तू किती वर्षं बांबूत आहेस?"

"पुष्कळ."

"बांधतोस. पण कधी जुना झालेला पाहिलायस?"

मी हसून टाळलं. मग दिवसभर तेच डोक्यात. भुसावळची परांची आम्ही बांधली. काम झाल्यावर सोडून टाकली. बंगालातली सोडायलाही मी थांबलो नाही. बांबू जुना होताना मी खरंच पाहिलेला नाही. पाहायला थांबावं लागतं.

श्रावण, पाऊस

झड लागलीय, सूर्य दिसलेला नाही. कौलं भिजून काळी झालीत. स्टेशनाचं काम बंद. परांचीवाली टोळी पुढे भोपाळच्या बाजूला हलणार आहे. मुकादम म्हणाला, चल. मी म्हटलं, बघतो.

छपराचा आवाज हल्ली दुपारीच नाही, सकाळीही येतो. आता एकाच ठिकाणाहून नाही, सगळीकडून. मला सोबत पुरे झाली असं वाटतं.

श्रावण, सोमवार

आजचं आजच लिहून टाकतो.

सकाळी शाळा भरली होती. मधली कैची वाकलेली दिसली. मी म्हटलं, ओझं घेतेय, बांबू वाकतोच. तरी शिडी लावून वर गेलो आणि अंगठ्यानं दाबून पाहिलं. अंगठा आत गेला. भाकरीत जावा तसा. आतून सगळी भुकटी, आणि त्यात तांदळाच्या दाण्याएवढे काळे किडे वळवळत होते.

मला ओरडायचं होतं. काय ओरडायचं तेच सुचेना, मराठीत की हिंदीत. दारात आबासाहेब उभे होते. त्यांनी माझं तोंड पाहिलं असावं. ऐकू येत नाही, पण तोंड वाचतात.

"बाहेर!" ते गरजले. पोरं जागच्या जागी उभी राहिली. "बैठक मोडा! भिंतीनं, भिंतीनं बाहेर! गोपाळ, दारातून हल, तू एकटाच दार भरतोस!"

भिंतीच्या कडेनं सगळी पोरं अंगणात आली. गोपाळराव शेवटी. पाटी छातीशी धरलेली. कैची आणखी खाली आली आणि थांबली. वरून कौलं घसरून फुटायला लागली.

आबासाहेब म्हणाले, "रुक्मिणी, माझ्या चुलीवरचा माळा दाखव याला."

त्यांच्या स्वयंपाकघरात चुलीच्या वर फळ्यांचा माळा आहे. मी चढलो. धुरानं काळे, तेलकट, पुरुषाच्या दीडपट उंच असे भाले. पाती नाहीत, ती गदरानंतर सरकारात जमा झाली. नुसते दांडे. हातात घेतला तर जड, लोखंडासारखा थंड. नख लावून पाहिलं, नख मोडलं.

आम्ही ते एकेक करून कैच्यांखाली टेकू म्हणून उभे केले, बुंध्याला दगड लावून. एवढं सगळं ओझं त्या काळ्या काठ्यांवर येताना मी बघत होतो. ते थोडे वाकले आणि मग थांबले.

आबासाहेब दगडावर बसून मला सांगत होते, म्हणजे सगळ्या मोहल्ल्याला. "माझ्या पणज्यानं आणलेले. पौषात तोडायचे, अंधाऱ्या पंधरवड्यात. तेव्हा रस बुडाशी जातो. कोवळा नाही घ्यायचा, तीन पावसाळे खाल्लेला घ्यायचा. मग तळ्यात दगडाखाली महिनाभर. गोडवा सगळा पाण्यात जातो. गोडवा राहिला की किडा येतो. मग आगीवर तेल चोळून सरळ करायचा, आणि धुरात ठेवायचा."

"मग सांगितलं का नाहीत?" मी ओरडलो. खरंच ओरडलो.

"विचारलं होतं मी तुला. तू निघून गेलास."

गोपाळराव हळूच म्हणाले, "मुहूर्त माझा होता."

वहिनी फुटकी कौलं उचलत होत्या. तिथूनच बोलल्या, "पंचांगात किड्याचं नाव नव्हतं वाटतं?"

कुणी हसलं नाही. मग आबासाहेबच हसले, त्यांना ऐकू आलं नव्हतं तरी.

उठताना काठी माझ्या छातीला लावून म्हणाले, "हे भाले मला पौषात परत हवेत. जसेच्या तसे."

म्हातारा चिवट आहे. एवढं झालं आणि त्याला काळजी कसली तर भाल्यांची.

श्रावण, दुसऱ्या दिवशी

टोळी आज जाणार होती. वळकटी घेऊन स्टेशनावर गेलो. कुणाचा निरोप घेतला नाही, काय सांगणार? पोरं आज घरी आहेत. काही आया म्हणाल्या, आता तिथे पाठवायची नाहीत. गोपाळराव ओसरीवर बसून होते, पुढे गोदामाचा कागद.

खडीच्या गाडीवर बसायला जागा होती. मुकादमानं हात दिला. मी एक पाय ठेवला. समोर आमची जुनी परांची सोडत होते. बांबू खाली टाकत होते तर काही पडल्या पडल्या फुटत होते, आतून पिवळी भुकटी. कुणी बघतसुद्धा नव्हतं. सोडायचीच वस्तू ती, फुटली तर फुटली.

शिट्टी झाली. मी पाय खाली घेतला.

कारण असं, की ते भाले परत करायचे आहेत. मी आजवर पुष्कळ ठिकाणांहून निघून गेलो, पण कुणाची वस्तू अडकवून नाही.

गाडी गेल्यावर फलाटावर मी एकटाच. पाऊस. जलेबीवाल्यानं टपरी उघडली होती. ओली वळकटी मांडीवर ठेवून खाल्ली. बरी नव्हती.

परत आलो तर पागेतला माझा कोपरा झाडून रिकामा केलेला होता, पण ओसरीवर पितळी झाकून ठेवलेली होती. वहिनी म्हणाल्या, "छपराखाली नाही झोपायचं. ओसरीवर कोरडं अंथरूण टाकलंय." मी गेलो होतो हे त्यांना कळलं की नाही, कळलं नाही.

अश्विन, दसरा

गोदामावर दुसऱ्याला घेतलं. गोपाळरावांनी कळवलंच नाही, म्हणे विसरले. शाळा आता ओसरीवर भरते. येणारी पोरं थोडीच आहेत. मी त्याच गोदामात वजन मोजायच्या काट्यावर रोजानं जातो. गोपाळरावांना मिळाली असती तर जवळपास हीच जागा. गमतीदार आहे, पण हसू येत नाही.

आज आबासाहेबांनी भाल्यांना आपट्याची पानं वाहिली, टेकू लावलेल्या जागीच. दारात उभं राहून कानोसा घेतल्यासारखं केलं. मग मला विचारलं, "आवाज येतो अजून?"

"तुम्हाला कसं ठाऊक आवाज यायचा?"

"तू दुपारी छपराशी बोलायचास. ओठ दिसायचे."

मला वाटायचं कुणी बघत नाही.

पौष वद्य

थंडी कडक. आबासाहेबांना बैलगाडीत गोधड्यांत गुंडाळून बेतवेवर नेलं. नको म्हटलं तर शिव्या दिल्या. हल्के आबासाहेबांना बघून हसला. "आज ठीक है, दाऊ?"

"आज ठीक."

आबासाहेब काठीनं बांबूवर टकटक करतात आणि माझ्या तोंडाकडे बघतात. ऐकायचं मी, सांगायचं मी. "बद्द की खणखणीत?" "खणखणीत." "हा." कोवळे सगळे राखले. "ते पुढचे. तेव्हा कामाला येतील," म्हणाले. कुणाच्या कामाला, ते बोलले नाहीत. मी बुंध्याला बोट लावून चाखलं. काहीच चव नाही.

आता बांबू तलावात बुडवलेत, वर दगड. मी रोज संध्याकाळी बघून येतो. बुडबुडे येतात. पाण्याला वास सुटलाय आणि धोबी मला शिव्या देतात. महिनाभर नुसतं बघायचं. मला वाटलं होतं हे जमणार नाही.

तिकडे रात्रंदिवस गाड्या जातात आता. सरळ मुंबईपर्यंत जाता येतं म्हणे.

फाल्गुन, धुळवडीनंतर

नवं छप्पर झालं. सगळ्या बांबूंना आगीची आच दिली, तेल चोळलं. हात काळे, जात नाहीत. दुपारी कोपऱ्यात आडवा झालो आणि कान लावला. काही नाही. एकदम शांत. थोडं चुकल्यासारखं झालं, खरं सांगायचं तर.

पोरं परत यायला लागलीत. गोपाळराव कैचीला लोंबकळायचं म्हणत होते, वहिनींनी शपथ घातली.

भाले पुसून, तेल लावून आबासाहेबांकडे नेले. हिवाळ्यापासून ते अंथरुणातच आहेत, खोकतात फार. म्हटलं, "पौषातच द्यायचे होते, उशीर झाला. मोजून घ्या. जसेच्या तसे."

त्यांनी एकेकावर हात फिरवला. मग म्हणाले, "आत्ता नको."

"का?"

"नवं छप्पर एक पावसाळा काढू दे. पुन्हा टेकू लागला तर? मग घेईन."

"पण पावसाळा संपेपर्यंत मी..."

"काय?" ते ओरडले. "ऐकू येत नाही!"

मी पुन्हा सांगितलं, कानाशी, मोठ्यानं. ते माझ्या तोंडाकडे बघतच नव्हते. भिंतीकडे वळून झोपले.

अशा माणसाशी काय बोलावं? आता पावसाळा संपेतो अडकलो. भाले ओसरीवर भिंतीला टेकून ठेवलेत. एक आडवा करून वहिनींनी त्यावर धोतर वाळत घातलंय. माझंच आहे.